खानदेशच्या उन्हासाठी गाडी निवडताना विक्रीचे आकडे किती पाहावेत?

केळीबाग (रावेर):

नमस्कार. रावेर तालुक्यात आमची केळीची शेती आहे आणि आई धरून घरात पाच माणसे आहेत. सध्याची डिझेल हॅचबॅक जुनी झाल्यामुळे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत नवी गाडी घ्यावी, असे घरात ठरले आहे. नोंदणी आणि विमा धरून साडेबारा लाखांपर्यंत तयारी आहे. महिन्याला साधारण दीड हजार किलोमीटर गाडी चालते. त्यातले बरेचसे सावदा, फैजपूर, भुसावळ करत जळगावपर्यंतच्या रस्त्यावर, काही शेताच्या कच्च्या वाटेवर आणि अधूनमधून चाळीसगावच्या पुढे कन्नडचा घाट चढून संभाजीनगरपर्यंत असते.

धाकटा भाऊ म्हणतो की सर्वाधिक खपणारी गाडी डोळे मिटून घ्यावी, कारण एवढे लोक घेतात म्हणजे ती चांगलीच असणार. पुतण्याचे म्हणणे असे की काचेचे छत आणि चालकाला मदत करणारी एडास यंत्रणा नसेल तर आजच्या काळात नवी गाडी घेण्यात अर्थ नाही. मी स्वतः वर्तमानपत्रात विक्रीचे आकडे पाहू लागलो, तर एकाच महिन्याचे दोन वेगवेगळे आकडे दिसतात, आणि सर्वाधिक खपाची गाडीही एका ठिकाणी एक, तर दुसऱ्या ठिकाणी दुसरीच असते. यातले कोणते आकडे ग्राह्य धरावेत, आणि आमच्या वापराला डिझेल, सीएनजी की विजेवरची गाडी बरी, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे.

लळिंग (धुळे):

दादा, आधी आकड्यांचे पाहू. ‘सियाम’ ही वाहन उत्पादकांची संघटना. तिचे आकडे म्हणजे कारखान्यातून विक्रेत्यांकडे रवाना झालेल्या गाड्या. ‘फाडा’ ही विक्रेत्यांची संघटना असून तिचे आकडे ‘वाहन’ या सरकारी प्रणालीतील नोंदणीवरून येतात, म्हणजे ग्राहकाच्या नावावर झालेल्या गाड्या. या दोन्हींत मोठी तफावत पडू शकते. २०२४ च्या सणासुदीच्या सुमारास विक्रेत्यांकडचा न विकलेला साठा ८० ते ८५ दिवसांचा झाला होता, त्याची किंमत सुमारे ७९ हजार कोटी रुपये होती, आणि तो २१ दिवसांवर असावा अशी फाडाची भूमिका होती. कारखान्याच्या खात्यात त्या सगळ्या गाड्या ‘विकलेल्या’च होत्या. आपल्यासाठी याचा व्यावहारिक उपयोग असा, की गाडी ठरवण्याआधी विक्रेत्याकडून ‘फॉर्म २२’, म्हणजे गाडी रस्त्यायोग्य असल्याचे उत्पादकाचे प्रमाणपत्र, पाहायला मागावा. त्यावर उत्पादनाचा महिना असतो. जळगाव किंवा भुसावळच्या उघड्या आवारात एक आख्खा उन्हाळा काढलेल्या गाडीचे टायर, रबरी पट्ट्या आणि बॅटरी यांना त्याची किंमत मोजावी लागते, तेव्हा अशा गाडीवर सूट मागण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

‘सर्वाधिक खप’ कोणाचा, हे मोजणी कोणत्या महिन्यापासून धरली यावरही ठरते. २०२४ या कॅलेंडर वर्षात टाटा पंच सुमारे २ लाख २ हजार गाड्यांसह पहिली आली. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ हे आर्थिक वर्ष धरले तर मात्र मारुती वॅगनआर सुमारे १ लाख ९८ हजारांवर पहिली ठरते. दोन्ही आकडे खरे आहेत, पण कन्नडच्या घाटात पाच माणसे आणि सामान घेऊन गाडी कशी चढेल, याचे उत्तर त्यांपैकी एकातही नाही. देशभरात त्या आर्थिक वर्षात सुमारे ४३ लाख प्रवासी वाहने रवाना झाली आणि त्यांतली ६५ टक्के एसयूव्ही किंवा बहुपयोगी वर्गातली होती. एवढ्या मोठ्या बाजारात पुण्या-मुंबईच्या शहरी वापराचा वाटा मोठा असतो, म्हणून धाकट्या भावाचा मुद्दा सेवा केंद्रे आणि पुनर्विक्रीची किंमत यांपुरताच घ्यावा, असे माझे मत आहे.

खपाच्या यादीपेक्षा जीएसटीची रेषा अधिक काही सांगते. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा सीएनजी आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर १८ टक्के जीएसटी लागतो. पूर्वी उपकर धरून पेट्रोलला २९ आणि डिझेलला ३१ टक्के लागत असे. म्हणजे करासह दहा लाखांना मिळणारी छोटी डिझेल गाडी केवळ करामुळे नऊ लाखांच्या आसपास आली. या रेषेबाहेरच्या गाड्यांवर ४० टक्के लागतात. मारुती ब्रेझा पाहा. तिची लांबी चार मीटरच्या आत असली तरी पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचे असल्यामुळे ती ४० टक्क्यांतच राहिली, आणि टाटा नेक्सॉन, महिंद्रा एक्सयूव्ही ३एक्सओ, किया सोनेट, बोलेरो निओ या गाड्यांची दीड लिटरची डिझेल इंजिने १८ टक्क्यांत आली. तुमच्या रकमेत या क्षणी सर्वाधिक ओढ (टॉर्क) डिझेलमध्ये मिळते, ती या कारणाने.

मात्र राज्याचा वाहन कर विसरू नये. खासगी डिझेल गाडीला दहा लाखांपर्यंत १३ टक्के, पेट्रोलला ११ टक्के आणि सीएनजीला जुलै २०२५ पासून ८ टक्के आहे. साडेनऊ लाखांच्या गाडीवर डिझेल आणि सीएनजी यांत एवढ्यानेच साडेसत्तेचाळीस हजार रुपयांचा फरक पडतो.

तापीकाठ (भुसावळ):

लळिंगनाना, आकड्यांची मांडणी अगदी योग्य आहे. मी उन्हाविषयी लिहिते, कारण मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या गावात राहून मी विजेवरची गाडी चालवते.

केळीबागदादा, पुतण्याला काचेचे छत हवे आहे, त्याची हौस मी समजू शकते, पण दुपारी दोन वाजता रेल्वे स्थानकाबाहेर उभी केलेली गाडी उघडल्यावर आत जी धग असते, ती काचेच्या छताखाली अधिकच वाढते आणि आतला पडदा ती पूर्ण अडवू शकत नाही. त्याच पैशांत आसनातून हवा खेळवणारी सोय, मागच्या आसनासाठी वेगळे एसीचे झरोके आणि उंची कमीजास्त करता येणारे चालकाचे आसन मिळत असेल, तर घरातील प्रत्येकाला त्याचा रोज उपयोग होईल. विशेषतः आई मागे बसणार असतील तर मागच्या झरोक्यांशिवाय गाडी घेऊच नये. पुढच्या झरोक्यांतील गारवा मागे पोहोचेपर्यंत भुसावळचे फाटक येते.

विजेच्या गाडीबद्दल दोन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली बॅटरीच्या रसायनाची. एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट) प्रकारच्या बॅटरी उष्णतेला अधिक सोशिक असतात, त्यांचे आयुष्य जास्त असते आणि त्या वारंवार पूर्ण भरल्याने फारसे बिघडत नाही. त्यांना द्रवाने थंड ठेवणारी यंत्रणा असावी, असा आग्रह आपल्या भागात धरायलाच हवा. दुसरी अंतराची. प्रमाणपत्रावर छापलेला आकडा बाजूला ठेवून एका युनिटमागे सहा ते सात किलोमीटर धरा. ३५ युनिटांच्या बॅटरीवर उन्हाळ्यात एसी चालू ठेवून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास जाता येईल. रावेर ते जळगाव जाऊन येण्यास ते पुरेसे आहे. संभाजीनगरला जायचे तर वाटेत कोठे चार्जिंग करायचे, हे आधी ठरवून निघावे लागेल.

शेतकऱ्यांच्या बाबतीत एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. चार्जर गावठाणातील घरगुती मीटरवरच बसवावा. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी चार्ज करणे नियमात बसत नाही आणि शेतीच्या वाहिनीला वीजही ठराविक तासच असते. ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर अशी बॅटरी पूर्ण भरण्यास अकरा-बारा तास लागतात, म्हणून रात्रभर अखंड वीज आणि पुरेसा मंजूर भार आहे की नाही, हे आधी वायरमनकडून पाहून घ्यावे. जीएसटी ५ टक्केच असल्यामुळे आणि राज्याने विजेच्या गाड्यांना वाहन करात सूट दिल्यामुळे सुरुवातीची किंमत पूर्वीइतकी जड राहिलेली नाही.

शहादेकर:

ताईंनी उन्हाबद्दल लिहिले ते पटले. मला कच्चा रस्ता आणि घाट यांबद्दल लिहायचे आहे.

सीएनजीची चर्चा झाली नाही, ती थोडक्यात करतो. १.२ लिटरचे साधे इंजिन सीएनजीवर आपली ताकद गमावते. पंचचेच उदाहरण घेतले तर पेट्रोलवर सुमारे ८७ अश्वशक्ती देणारे इंजिन सीएनजीवर ७३ पर्यंत उतरते. पाच माणसांनिशी चरणमाळ किंवा कन्नडचा घाट चढताना एसी बंद करण्याची वेळ येऊ नये, असे वाटत असेल तर हे इंजिन तुमच्यासाठी नाही. टर्बो, म्हणजे हवा दाबून आत भरणाऱ्या, इंजिनावर सीएनजी देणारी नेक्सॉन मात्र वेगळी आहे, आणि डिकीच्या तळाखाली दोन लहान टाक्या बसवल्यामुळे तिच्यात सामानाची जागाही बऱ्यापैकी शिल्लक राहते. गाडी घेण्यापूर्वी जवळच्या पंपावर संध्याकाळची रांग किती असते, ती एकदा स्वतः पाहून या.

डिझेलविषयी मी मनापासून अनुकूल आहे, परंतु एक अट सांगतो आणि ती गंभीरपणे घ्यावी. बीएस ६ या धुराच्या मानकाच्या डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी अडवणारी गाळणी असते, तिला डीपीएफ म्हणतात. साचलेली काजळी जाळण्यासाठी गाळणीचे तापमान सुमारे ६०० अंशांपर्यंत जावे लागते, आणि ते साधण्यासाठी गाडी काही वेळ सलग, बऱ्या वेगाने चालावी लागते. घरून शेतात आणि शेतातून घरी, असा दोन-तीन किलोमीटरचाच वापर राहिला तर गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि खर्च अंगावर येतो. दादांची गाडी जळगावपर्यंत नियमित जाते, म्हणून त्यांना अडचण येऊ नये. शेताच्या फेऱ्या मात्र मोटारसायकलवरच ठेवाव्यात.

इंधनाचा हिशोबही डिझेलच्या बाजूने आहे. आपल्याकडे पेट्रोल शंभरीच्या वर आणि डिझेल नव्वदीत आहे. दीड हजार किलोमीटरसाठी लिटरमागे १८ धरल्यास डिझेलला सुमारे साडेसात हजार लागतील, आणि टर्बो पेट्रोलला १३ धरल्यास बारा हजारांच्या पुढे. त्यात आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलची ऊर्जा लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी असल्याने त्याचाही थोडा फटका बसतो.

केळीबाग (रावेर):

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विजेच्या गाडीचा विचार मी सध्या बाजूला ठेवतो, कारण आमच्या गल्लीत रात्रीची वीज अधूनमधून जाते. दोन शंका उरल्या आहेत. डिझेल गाडी दहा वर्षांत भंगारात काढावी लागते, असे गावात सगळेच सांगतात, ते खरे आहे काय? आणि पुतण्याच्या एडासचे काय करावे?

लळिंग (धुळे):

दहा वर्षांचा निर्बंध दिल्ली आणि तिच्या राजधानी क्षेत्रापुरता पुढे आलेला विषय आहे. महाराष्ट्रात खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यानंतर योग्यता तपासणी करून ती पाच वर्षांसाठी वाढवता येते. भविष्यात नियम कडक होणारच नाहीत असे नाही, पण आज गावात जे सांगितले जाते त्याला आपल्या राज्यात आधार नाही.

एडासबद्दल माझे मत स्पष्ट आहे. तरसोद ते चिखली या चौपदरी रस्त्यावर आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा खरोखर उपयोगी पडू शकते आणि ती असल्यास चांगलेच. पण रात्री सावद्याच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेली ट्रॉली किंवा बैलगाडी समोर आली तर कॅमेरा ती वेळेत ओळखेलच, या भरवशावर चालकाने बसू नये. पट्टे नसलेल्या रस्त्यावर मार्गिका राखणारी सोय तर कामच करत नाही. त्यासाठी वरचा प्रकार घेऊन दीड-दोन लाख जास्त मोजण्याऐवजी सहा एअरबॅग, घसरण रोखणारी ईएससी आणि भारत एनकॅप या सुरक्षा चाचणीचे पाच तारे ज्या प्रकारात मिळतात, तिथे थांबावे. भारत एनकॅप २०२३ च्या ऑक्टोबरपासून लागू आहे. त्यात गाडी ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडकवून पाहतात, शिवाय बाजूने आणि खांबावर धडकवण्याच्या चाचण्याही होतात.

तापीकाठ (भुसावळ):

नानांशी मी येथे थोडी असहमत आहे. रात्री थकून परत येताना आपोआप लागणाऱ्या ब्रेकने एक जरी धडक टळली, तरी ते पैसे वसूल झाले, असे मी मानते. पुतण्याची मागणी पूर्णपणे हौसेची नाही. काचेचे छत सोडून द्यावे आणि रकमेत बसत असेल तर एडासचा विचार करावा. एक विनंती मात्र आहे. चाचणीची फेरी सकाळी नऊला घेऊ नका. दुपारी, गाडी तासभर उन्हात उभी राहिल्यानंतर, पाचही माणसे बसवून घ्या. आईंना मागे चढता-उतरता येते का, आणि दहा मिनिटांत मागे गारवा पोहोचतो का, हे त्याच वेळी कळेल.

केळीबाग (रावेर):

ताई आणि नाना, दोघांचेही म्हणणे घरात वाचून दाखवले. नेक्सॉन आणि ३एक्सओ, दोन्हींचे डिझेल प्रकार येत्या रविवारी दुपारी जळगावला जाऊन पाहणार आहोत आणि आईला सोबत नेणार आहोत. फॉर्म २२ आधी दाखवावा, असे विक्रेत्याला फोनवर सांगून ठेवले आहे. या दोनांपैकी कोणतीही डिझेल गाडी रावेर, यावल किंवा मुक्ताईनगर भागात कोणी दोन उन्हाळे वापरली असेल, तर डीपीएफचा दिवा किती वेळा लागला आणि सेवेचा खर्च किती आला, हे कृपया येथे लिहावे.