अनुभव धागा: स्टेशनाचं कोर्ट झालं तेव्हा

अबोली
कोर्टात ज्युरी म्हणून हजर राहायचं, ज्युरी ड्यूटीचं पत्र आलं, पत्ता बघून हसूच फुटलं. अमेरिकेतल्या सिअॅटलजवळच्या टॅकोमाचं युनियन स्टेशन! १९८३ च्या डिसेंबरात पोर्टलंडहून अॅमट्रॅकच्या रेल्वेनं मी तिथेच उतरले होते. साडीवर मावसदिराचं ढगळ जॅकेट, मांडीवर लाडवांचा डबा. हे न्यायला येणार होते, वाटेत गाडी बंद पडली. दोन तास त्या घुमटाखाली एकटी. एकदा शिंकले तर अख्ख्या घुमटात घुमलं, लोक वळून बघायला लागले.
पुढच्याच वर्षी १४ जूनला तिथून शेवटची गाडी सुटली. १९९२ पासून फेडरल कोर्ट. आता आत जाताना पर्स मशीनमधून जाते, खिडकीत काचकलाकार चिहुलीच्या नारिंगी काचेच्या चकत्या. परवा बसले नंबर पुकारायची वाट बघत, शिंक आवरून. तुमचंही लिहा.

मुगाची_उसळ
लाडू बेसनाचे की रव्याचे?

अबोली
बेसनाचे. निम्मे पोर्टलंडलाच संपले होते.

सिअॅटलकर
भाचीचं रिसेप्शन तिथेच होतं. हॉल भाड्यानं देतात. ढोल वाजवला आणि घुमटानं तो चौपट करून परत दिला. शुक्रवारी आरोपी, शनिवारी वरात :)

जुना_बीबीसीआय
निदान तुमची इमारत उभी आहे हो. आमचं मुंबईचं कुलाबा स्टेशन ३१ डिसेंबर १९३० ला बंद झालं. १९२८ मध्ये तर कुलाबा-बोरिवली विजेची गाडी सुरू झाली होती, तीन वर्षंही नाही झाली. बॅकबेच्या भरावापायी गेलं सगळं. तिथे आता बधवार पार्क, रेल्वेच्या साहेबांची घरं. आजोबा बीबीसीआयमध्ये, म्हणजे आताच्या पश्चिम रेल्वेत होते, शेवटपर्यंत म्हणायचे, "चर्चगेट हे काय शेवटचं स्टेशन आहे का?"

मुगाची_उसळ
आमच्या आजोबांना दादरच्या पुढे मुंबईच मान्य नव्हती. थांबा, कुकर.

पावसाळी
समोरून ट्राम जाते, ती अजून "युनियन स्टेशन" पुकारते. आईला नेलं होतं. नाव ऐकताच पिशव्या गोळा करून उतरली आणि म्हणते, "फलाट कुठाय?" म्हटलं, आई, आत जज्ज बसतात. "मग स्टेशन कशाला म्हणतात मेले!"

सिअॅटलकर
काकूंना काय सांगितलंस मग?

पावसाळी
कॉफी पाजली.

मुगाची_उसळ
आले. अबोलीताई, घेतलं का ज्युरीत?

अबोली
नाही गं, दुपारी सोडलं. ह्यांना फोन केला, न्यायला या. बाहेर पायरीवर ४० मिनिटं उभी. सुधारणा आहे.