एकच डोळा पाच आठवडे लाल, दोन प्रकारचे थेंब झाले तरी चिपडं येतातच

ओपीडी_खिडकी: रुग्ण २६ वर्षांचा. डावा डोळा लाल, सकाळी पापण्या चिकटलेल्या, खाज फारशी नाही, नजर साफ. मॉक्सिफ्लॉक्सॅसिनचे (अँटिबायोटिक) थेंब दहा दिवस झाले, मग टोब्रामायसिन (हेही अँटिबायोटिक) आणि स्टेरॉइड एकत्र असलेले. स्टेरॉइड चालू असेतो बरं, बंद केलं की तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. खालची पापणी ओढली की साबुदाण्यासारखे दाणे, कानापुढे गाठ लागते. क्लॅमिडिया (लैंगिक संबंधातून पसरणारा जंतू) धरायचा का?

फोर्निक्स: धराच, आणि तिसरी बाटली लिहू नका. स्टेरॉइडनं लाली दबते, जंतू तिथंच राहतो.

पण आधी पापणीची कड नीट बघा. मोलस्कमचा (त्वचेचा एक विषाणू) मध्ये खळगा असलेला बारीक फोड तिथं लपला असेल तरी असेच दाणे येतात, आणि तो सर्रास नजरेतून सुटतो. नाकाजवळ अश्रुपिशवीवर दाबून पू येतो का, तेही पाहा.

नमुना घेताना बहुतेकांची चूक एकच होते: चिपड टिपून पाठवतात. हा जंतू पेशीच्या आत वाढतो, पू काय कामाचा? बधिर करणारा थेंब घाला, चिपडं पुसून काढा, मग पापणी उलटवून आतल्या अस्तरावर लॅबच्याच किटमधला स्वॅब जरा दाबून फिरवा. पेशी आल्या नाहीत तर पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) खोटं निगेटिव्ह येतं.

गोळी_की_थेंब: उपचार तोंडानेच. डॉक्सिसायक्लिन १०० मिग्रॅ दिवसातून दोनदा ७ दिवस, नाहीतर अझिथ्रोमायसिन १ ग्रॅम एकदाच. गरोदरपणात डॉक्सी नको, अझिथ्रोमायसिन द्या. डॉक्सी ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची आणि पुढचा अर्धा तास आडवं व्हायचं नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर व्रण होतो. लोह, कॅल्शियम, अँटासिड त्याच वेळी घेतलं तर औषध नीट शोषलंच जात नाही.

नुसते थेंब का पुरत नाहीत? मोठ्या माणसांत हा संसर्ग बहुधा जननमार्गातून हाताने डोळ्यात येतो. तिथं लक्षणं नसली तरी तपासणी हवीच, आणि गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदारांवरही उपचार हवेत. विषय अवघड वाटतो म्हणून तो टाळला जातो आणि महिन्याभरात डोळा परत लाल.

ओपीडी_खिडकी: म्हणजे या खुपऱ्या (ट्रॅकोमा) नव्हेत?

फोर्निक्स: जंतू तोच, प्रकार वेगळे. खुपऱ्या ए ते सी प्रकारांच्या: लहानपणापासून वारंवार संसर्ग, दाणे वरच्या पापणीत, पुढे व्रण आकसून पापण्यांचे केस आत वळतात आणि बुबुळ खरवडतं. तुमच्या रुग्णात डी ते के.

गोळी_की_थेंब: एक राहिलं. कोर्स संपला तरी दाणे विरायला कित्येक आठवडे लागतात, त्याला औषध फसलं म्हणू नका. पीसीआरही चार आठवड्यांच्या आत परत करू नका, मेलेल्या जंतूंचा डीएनए पॉझिटिव्ह दाखवतो.