स्टुटगार्टला सहकुटुंब स्थलांतर : पहिल्या तीन महिन्यांसाठी सल्ला हवा आहे

पुण्याहून :

नमस्कार. माझ्या यजमानांची पुण्याहून स्टुटगार्टला बदली झाली असून ऑक्टोबरच्या अखेरीस आम्ही तिघे तिकडे येत आहोत. मुलगी सात वर्षांची आहे. तिला मराठी आणि थोडेफार इंग्रजी येते. जर्मन फक्त यजमानांना, तेही जुजबी येते. पहिले सहा आठवडे कंपनीने ठरवलेल्या सदनिकेत राहून मग घर शोधायचे आहे. व्हिसाची कामे झाली आहेत, त्यामुळे त्याबद्दल विचारत नाही. आल्यावर कोणते काम आधी करावे, घर पाहताना काय तपासावे आणि मुलीच्या शाळेचे कसे करावे, हे तिथे राहणाऱ्यांनी कृपया सांगावे. सुरुवातीला मी घरीच असणार आहे, म्हणून रोजचे व्यवहार मलाच सांभाळायचे आहेत.

बाड कान्स्टाटहून :

सर्वांत आधी पत्त्याची नोंदणी करा. घरात राहायला आल्यापासून 14 दिवसांच्या आत ती करावी लागते आणि तिच्यासाठी घर देणाऱ्याच्या सहीचे, तुम्ही तिथे राहता असे सांगणारे पत्र लागते. तात्पुरत्या सदनिका देणारे काही जण असे पत्र देत नाहीत, म्हणून कंपनीकडून त्याची लेखी खात्री पुण्यातच करून घ्या. नागरी कार्यालयाची वेळही निघण्यापूर्वी ऑनलाइन घेऊन ठेवा. करक्रमांक या नोंदणीनंतरच टपालाने येतो आणि पुढची बरीच कामे नोंदणीच्या कागदावर अडतात.

टपालपेटीवर आणि दारावरच्या घंटीजवळ तुमचे आडनाव पहिल्याच दिवशी लावा. माझे नाव पेटीवर नव्हते, म्हणून बँकेचे कार्ड परत गेले आणि ते पुन्हा मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. इथला पोस्टमन सदनिकेचा क्रमांक पाहत नाही, नाव पाहतो.

घर पाहताना निव्वळ भाडे आणि पाणी, हीटिंग वगैरे धरून होणारे भाडे हे दोन्ही आकडे विचारा. अनामत रक्कम निव्वळ भाड्याच्या तिपटीपेक्षा जास्त घेता येत नाही. स्वयंपाकघरात ओटा, सिंक आणि शेगडी आहे का, हे आवर्जून पाहा, कारण अनेक घरांत तिथे केवळ नळाची जोडणी असते. हे शहर खोलगट भागात वसले आहे आणि चहूबाजूंनी चढ आहेत. उतारावरची घरे उजेडाची असतात, पण रोज किती पायऱ्या चढाव्या लागतील, ते स्वतः चालूनच कळते.

आपल्या स्वयंपाकात वाफ फार होते. हिवाळ्यात बंद घरात ती भिंतीवर बसते, बुरशी धरते आणि घर सोडताना त्यावरून अनामतीचा वाद होतो. म्हणून थंडी कितीही असली तरी दिवसातून दोन-तीन वेळा पाच-दहा मिनिटे खिडक्या सताड उघडा.

या भागातली केअरवोखं, म्हणजे जिना झाडण्याची आठवड्याची पाळी, मनापासून पाळा. दारावर पाटी अडकवली की तो आठवडा तुमचा. माझी शेजारच्या आजींशी ओळख या झाडूमुळेच झाली आणि माझे पहिले जर्मन संभाषणही जिन्यातच झाले.

फॉयरबाखहून :

शाळेबद्दल लिहिते. इथे शाळा सक्तीची आहे आणि घरी शिकवणे चालत नाही. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी पूर्वतयारीचे वर्ग असतात. माझा मुलगा अशा वर्गात एक वर्ष होता. पहिले दोन महिने तो वर्गात बोललाच नाही, पण घाबरून जाऊ नका. मुले तेवढा काळ ऐकत असतात. मार्च 2020 पासून शाळाप्रवेशासाठी गोवर लसीकरणाचा पुरावा बंधनकारक आहे, म्हणून दोन्ही मात्रांच्या तारखा, डॉक्टरांची सही आणि शिक्का असलेली मूळ नोंद हातातल्या सामानात ठेवा.

बालरोगतज्ज्ञ नवे रुग्ण सहज घेत नाहीत, त्यामुळे मूल आजारी पडण्याची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात फोन सुरू करा. दवाखाने बंद असताना 116117 आणि जिवावरचे संकट असेल तर 112.

रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच सामान भरा. भेंडी, वांगी, कोथिंबीर आणि कडधान्ये तुर्की दुकानांत चांगली मिळतात; ज्वारीच्या पिठासाठी मात्र भारतीय दुकानच गाठावे लागते.

तुम्ही याल त्याच सुमारास घड्याळ एक तास मागे जाईल आणि डिसेंबरात साडेचारच्या आतच सूर्य मावळेल. दिवसभर घरी असणाऱ्या व्यक्तीला हे फार जड जाते. इथे मराठी कुटुंबे पुष्कळ आहेत आणि ती भेटतीलच. तरी रोटेब्यूलप्लात्सजवळच्या लोकशिक्षण केंद्रात सकाळचा जर्मन वर्ग आधी लावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. मी तो वर्षभर लांबवला आणि ते वर्ष एकटेपणात गेले.

पुण्याहून :

दोघांचेही मनापासून आभार. घर देणाऱ्याच्या पत्राबद्दल आजच कंपनीला लिहिले आणि लसीकरणाच्या वहीवर उद्या डॉक्टरांची सही घेते. एक शंका राहिली : प्रेशर कुकर आणि तवा सोबत आणावा का?

फॉयरबाखहून :

सदनिकेत शेगडी इंडक्शनची आहे का, ते आधी विचारा. तशी असेल तर ॲल्युमिनियमचा साधा कुकर तिच्यावर तापणार नाही. बुडाला चुंबक चिकटतो का, ते पाहूनच भांडी निवडा; सपाट बुडाचा लोखंडी तवा चालतो. कुकरच्या दोन जास्तीच्या रिंगाही बरोबर ठेवा, कारण त्या इथे मला कुठेच मिळाल्या नाहीत.