मदत हवी आहे : वीज जाऊन आली की रास्पबेरी पायला जोडलेला लेझरजेट १०२० मुका होतो

नमस्कार,

आमच्याकडे एचपी लेझरजेट १०२० हा केवळ यूएसबीवर चालणारा प्रिंटर आहे. पत्नीच्या शिकवणीच्या प्रश्नपत्रिका त्यावर इतक्या स्वच्छ निघतात की तो मोडीत काढण्याचे मन होत नाही. मोबाइलवरूनही छपाई करता यावी म्हणून मी तो ओटीजी केबलने रास्पबेरी पाय झीरो २ डब्ल्यू या तळहाताएवढ्या छोट्या संगणकाला (पुढे नुसते 'पाय') जोडला, पायवर रास्पबेरी पाय ओएस या त्याच्या कार्यप्रणालीची लाइट आवृत्ती घातली आणि कप्स (छपाईची कामे रांगेत लावून प्रिंटरकडे पाठवणारी प्रणाली), अवाही (नेटवर्कवरील इतर उपकरणांना प्रिंटर दिसू देणारी सेवा) व या प्रिंटरसाठीचा फूटूझेडजेएस ड्रायव्हर बसवले. आयफोन, अँड्रॉइड आणि लॅपटॉप या तिन्हींना प्रिंटर लगेच दिसू लागला.

अडचण वेगळीच आहे. हा प्रिंटर स्वतःचे फर्मवेअर, म्हणजे त्याला चालवणारे मूळ सॉफ्टवेअर, साठवून ठेवत नाही. चालू केल्यावर प्रत्येक वेळी ते संगणकाकडून त्याच्या मेमरीत उतरवावे लागते. आमच्या गावात वीज दिवसातून एकदोनदा तरी जाते. पाय आणि राउटर इन्व्हर्टरवर आहेत, पण लेझर प्रिंटरचा भार इन्व्हर्टरला पेलणारा नसल्यामुळे तो थेट विजेवरच ठेवला आहे. परिणामी वीज परत आल्यावर पाय चालूच असतो, प्रिंटर मात्र फर्मवेअरविना उठतो, आणि कप्स 'काम पूर्ण झाले' असे सांगत असताना कागद काही बाहेर येत नाही. पाय रीस्टार्ट केला, किंवा एसएसएचने (दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कद्वारे) पायच्या आत जाऊन फर्मवेअरची फाइल हाताने प्रिंटरकडे पाठवली, की अडकलेले सारे सुरळीत होते. त्यामुळे केबल आणि ड्रायव्हर यांच्यात दोष नसावा, असे मला वाटते.

प्रिंटर जोडला गेल्याचे कळताच फर्मवेअर पाठवणारी छोटी स्क्रिप्ट चालावी, असा यूडेव्हचा (उपकरण जोडले गेल्याची दखल घेणाऱ्या लिनक्समधील व्यवस्थेचा) नियम मी लिहून पाहिला. लॉगमध्ये नियम लागू झाल्याची नोंद दिसते, पण स्क्रिप्ट अर्ध्यावरच थांबते. प्रिंटरची डिव्हाइस फाइल (जिच्यामार्फत लिनक्स प्रिंटरकडे माहिती पाठवते ती) तयार होण्याची वाट पाहण्यासाठी मी तीत दहा सेकंदांचा थांबा घातला आहे, आणि यूडेव्ह रेंगाळणाऱ्या प्रक्रिया मारून टाकते असे वाचल्यापासून माझा संशय त्या थांब्यावरच आहे.

अशा वेळी यूडेव्हने स्क्रिप्ट स्वतः न चालवता सिस्टमडीची (लिनक्समध्ये पार्श्वभूमीवरील सेवा चालवणाऱ्या व्यवस्थेची) सेवा सुरू करावी, हे योग्य ठरेल का? तसे असल्यास तो नियम नेमका कसा लिहावा? शिवाय कप्सने यूएसबी आपल्या ताब्यात घेतल्यावर ती डिव्हाइस फाइल नाहीशी होते, असेही मला एकदा दिसले. तेव्हा फर्मवेअर जाईपर्यंत कप्सची रांग थोपवून धरावी लागेल का? ज्यांच्याकडे हाच प्रिंटर अशा पद्धतीने चालू आहे, त्यांनी आपली मांडणी कळवल्यास मी आभारी राहीन.