सार्त्र मुळातून वाचायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

मूळ प्रश्न:
अस्तित्ववादावरचे लेख वाचून झालेत. आता ज्यां-पॉल सार्त्र इंग्रजी अनुवादातून सलग वाचायचा आहे. ‘बीइंग अँड नथिंगनेस’च्या प्रस्तावनेतच गाडी अडते. कादंबरी आधी घ्यावी की तत्त्वज्ञान?

प्रतिसाद १:
आधी ‘नो एक्झिट’. १९४४ चं एकांकी नाटक, एका बैठकीत संपतं. गार्सँ, इनेझ, एस्तेल ही तीन मेलेली माणसं एका बंद खोलीत आहेत आणि तिथे आरसा नाही. आपण कोण, हे दुसऱ्याच्या नजरेतूनच कळणार. ‘नरक म्हणजे इतर माणसं’ हे वाक्य सुटं उचललं की माणूसघाणेपणा वाटतो. पण दार उघडतं तेव्हा गार्सँ बाहेर का पडत नाही, ते नीट वाचा. त्याला इनेझकडून ‘तू भित्रा नाहीस’ हे वदवून घ्यायचं आहे.

मग ‘नॉशिया’ (१९३८). ही रोकँताँची रोजनिशी आहे, कथानक शोधत बसलात तर कंटाळाल. समुद्रकाठचा खडा, ट्रामचं आसन, शेवटी बागेतल्या चेस्टनटचं मूळ, असं वस्तूंकडे लक्ष ठेवा. त्या मुळापाशी शब्द गळून पडतात आणि वस्तू नुसती ‘असते’, विनाकारण. तो प्रसंग दोनदा वाचा. रॉबर्ट बाल्डिकचा अनुवाद चांगला वाहता आहे.

प्रतिसाद २:
क्रमाला अनुमोदन. ‘बीइंग अँड नथिंगनेस’ (१९४३) मात्र पहिल्या पानापासून वाचू नका. प्रस्तावना जर्मन तत्त्वज्ञ हुसर्लशी वाद घालते, ती पार्श्वभूमी नसेल तर काहीच हाती लागत नाही. पहिल्या भागातलं आत्मवंचनेचं (‘बॅड फेथ’, स्वतःशीच खोटं बोलणं) प्रकरण, तिसऱ्या भागातलं ‘नजर’, चौथ्यातलं स्वातंत्र्य आणि परिस्थिती, एवढं आधी. प्रस्तावना सगळ्यात शेवटी. सारा रिचमंड यांचा २०१८ चा अनुवाद घ्या. हेझल बार्न्स यांचा १९५६ चा जुना आहे, पण कित्येक समीक्षाग्रंथ त्याचीच परिभाषा वापरतात.

आत्मवंचनेत हमखास चूक होते ती कॅफेतल्या वेटरपाशी. तो ढोंगी आहे, गिऱ्हाइकांना फसवतो, असं लोक समजतात. दौत जशी दौत असते तसं आपण ‘वेटर’ असावं, असा त्याचा खटाटोप आहे. माणसाला तसं होता येत नाही. तो आपल्या भूमिकेहून नेहमी जास्त असतो आणि हेच त्याला स्वतःपासून लपवायचं असतं.

मूळ प्रश्नकर्ता:
आणि १९४५ चं ते प्रसिद्ध व्याख्यान, ‘एक्झिस्टेन्शियालिझम इज अ ह्यूमनिझम’? छोटं आहे, म्हणून त्यानेच सुरुवात करावी का?

प्रतिसाद २:
वाचा, पण तेवढ्यावर थांबू नका. ते अस्तित्ववादावरच्या आक्षेपांना उत्तर म्हणून जाहीर सभेत दिलेलं आहे, त्यामुळे युक्तिवाद सैल आहेत. आजारी नव्हे पण एकट्या पडलेल्या आईजवळ राहावं की इंग्लंडला जाऊन नाझींविरुद्ध लढणाऱ्या मुक्त फ्रेंच सैन्यात भरती व्हावं, या विद्यार्थ्याच्या पेचाचं उदाहरण मात्र अप्रतिम आहे. स्वातंत्र्य म्हणजे ‘वाटेल ते करा’ नव्हे, हे त्यातून कळतं. कुठलाही नियम त्याच्या वतीने निवड करत नाही, आणि सल्ला कुणाला विचारायचा हेसुद्धा त्यानेच निवडलेलं असतं.

प्रतिसाद १:
पुढे ‘रोड्स टू फ्रीडम’ या सार्त्रच्या कादंबरीमालेला हात घातलात तर दुसऱ्या खंडासाठी पात्रांची यादी जवळ ठेवा. म्युनिक कराराच्या आठवड्यात, सप्टेंबर १९३८ मध्ये, ते घडतं आणि वाक्याच्या मध्येच माणूस आणि शहर बदलतं.