घरातले उंदीर कसे घालवावेत? (विष नको आहे)

रात्रपाळी
तीन आठवडे झाले, स्वयंपाकघरात उंदीर आहेत. सुरुवात एका मोज्यापासून झाली. टाचेला भोक दिसलं, मी मशीनला दोष दिला. मग सिंकखालच्या कपाटात लेंड्या सापडल्या. आता रात्री दिवा मालवला की दहा मिनिटांत खुडबुड सुरू. पिंजऱ्यात दोन सापडले, ते रस्त्यापलीकडे सोडून आले. चार दिवस शांतता, मग पुन्हा तेच.
घरात रांगतं बाळ आहे, दिसेल ते तोंडात घालतं, त्यामुळे विष नको. चिकट पॅड एकदा लावला होता. सकाळी जे पाहिलं त्यानंतर पुन्हा तो लावायची हिंमत नाही. ते अल्ट्रासॉनिक यंत्र (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढून उंदीर पळवतं म्हणतात ते) घ्यावं का? कोणी वापरलंय?

मनीची_आई
मांजर पाळा म्हणणार होते, पण खरं सांगते. आमची मनी बाहेरून जिवंत उंदीर पकडून आणते आणि सोफ्याखाली सोडून झोपायला जाते. त्यामुळे मी गप्प.

वाचनमात्र
यंत्र घेऊ नका. आमच्याकडे होतं. महिन्याभराने प्लगमधून काढलं तर त्याच्याच डोक्यावर दोन लेंड्या. तो आवाज भिंतीतून किंवा कपाटातून पलीकडे जात नाही, आणि उंदरांना त्याची सवयही होते. २००१ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) ही यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या साठाहून जास्त कंपन्यांना ताकीद दिली होती, की दावे करायचे तर शास्त्रीय पुरावा हवा. पुदिन्याच्या तेलाचे बोळेही तसलेच. वास उडाला की उंदीर हजर.

निवांत_दुपार
आधी उंदीरच आहे ना ते बघा. आम्ही महिनाभर ज्याच्यामागे लागलो ती चिचुंद्री निघाली. लांब सोंड, चीं-चीं आवाज, उग्र वास. ती किडे खाते, मोजे कुरतडत नाही.

रात्रपाळी
लेंड्या तांदळाच्या दाण्याएवढ्या, दोन्ही टोकांना निमुळत्या. वास म्हणाल तर कपाट उघडलं की कुबट येतो, पण उग्र नाही.

सुतारपक्षी
मग घरातला छोटा उंदीरच. मोठ्याच्या लेंड्या याच्या दुप्पट-तिप्पट असतात. ताई, तुम्ही पकडताय, पण दार उघडंच आहे. सोडलेले दोन परत आले की मागे राहिलेले बाहेर पडले, कोण सांगणार? मादी सुमारे तीन आठवड्यांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः वयात येतात. पिंजऱ्याने हा हिशेब जुळत नाही.
आधी भोक शोधा. ६ मिलिमीटरची फट त्याला पुरते. पेन्सिल जिथे आत जाते तिथून तो येतो. झोपताना सिंकखाली आणि भिंतीच्या कडेने टाल्कम पावडर भुरभुरा, अगदी पातळ थर. बाळ उठायच्या आत टॉर्च तिरका धरून बघा आणि लगेच पुसून घ्या. पावलांची रांग कुठून येते ते कळेल. उंदीर मोकळ्यातून जात नाही, भिंतीला अंग घासत जातो.
माझा अंदाज: सिंकचा पाइप भिंतीत शिरतो ती जागा. प्लंबर पाइपाहून मोठं भोक पाडतो आणि वरून प्लास्टिकची चकती सरकवतो. चकती मागे ओढून बघा. नुसता फोम मारू नका, दोन रात्रींत कुरतडून मोकळे होतील. तारेची घासणी गच्च ठासा आणि वरून सिमेंट किंवा सीलंट. वायर किंवा सॉकेटजवळ मात्र तारेची घासणी अजिबात नको.

रात्रपाळी
चकती मागे ओढली. आत माझी दोन बोटं जातात!! कडेला काळपट तेलकट डाग पण आहे.

सुतारपक्षी
तोच त्यांचा हमरस्ता. पण आजच बुजवू नका, आतले आतच अडकून मरतील. मग वास कुठून येतोय ते शोधत बसाल. आधी घराची दुसरी भोकं बुजवा, चार-पाच दिवस सापळे लावा, हे शेवटी.
सापळा म्हणजे स्प्रिंगचा चाप. एक नाही, सहा तरी. भिंतीला काटकोनात ठेवा, आमिषाचं टोक भिंतीकडे. चीज वगैरे गोष्टीतलं. शेंगदाण्याचं लोणी वाटाण्याएवढंच लावा, जास्त लावलं तर कडेने चाटून जातात. नाहीतर कापसाचा धागा बांधा, घरट्यासाठी ते ओढायला येतात. बाळ आहे तर रात्री लावायचे, सकाळी मोजून उचलायचे. मोजूनच.

हळवा_हत्ती
मारायलाच हवं का?

सुतारपक्षी
पिंजराही चालेल, पण सकाळ-संध्याकाळ तपासायला हवा, नाहीतर आत तडफडून मरतो. चाप नीट बसला तर क्षणात संपतं. चिकट पॅडपेक्षा शंभरपट बरं.

रात्रीचा_डॉक्टर
लेंड्या झाडू नका, व्हॅक्यूमही नको. धुळीबरोबर नाकात जातं. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, एक भाग ब्लीच नऊ भाग पाण्यात मिसळून लेंड्या भिजवा, पाच मिनिटांनी कागदाने टिपा. उंदराच्या मुताची ओली जागाही तशीच.
विष टाळलंत ते उत्तम केलंत. रक्त न गोठू देणाऱ्या गोळ्यांनी उंदीर लगेच मरत नाही, चार-पाच दिवस धडपडतो. तेवढ्यात मांजराने किंवा घुबडाने खाल्ला तर विष त्यांच्या पोटात. मनीच्या आईने हे वाचलंच असेल.

मनीची_आई
वाचलं, आणि शेजाऱ्यांना विचारून आले. टाकत नाहीत म्हणाले.

रात्रपाळी
नऊ दिवसांनंतरचा वृत्तांत. पहिल्या रात्री तीन, दुसऱ्या रात्री एक, मग काही नाही. चार रात्री चाप रिकामे राहिल्यावर पाइपाभोवती घासणी ठासली, वर सिमेंट. अर्धा दिवस ओट्याखाली पालथी पडून होते. धान्य डब्यांत गेलं, बाळाची बिस्किटं सुद्धा. पावडरीत काल रात्री एकच माग दिसला, तो झुरळाचा निघाला. त्यासाठी वेगळा धागा काढते.