जांगड दिलेल्या पैठण्यांसाठी डिलिव्हरी चलन की थेट बिल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. येवल्यात आमचा पैठणीचा छोटा व्यवसाय आहे. जीएसटी नोंदणी नियमित आहे, कंपोझिशन (छोट्या व्यावसायिकांची सोपी कर योजना) नाही. उलाढाल ५ कोटींच्या बरीच खाली, त्यामुळे ई-इनव्हॉइसचा (सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाचा) प्रश्न नाही. रोखीच्या विक्रीला टॅक्स इनव्हॉइस देतो, तिथे काही अडत नाही.

अडतंय ते जांगड मालात. पुणे-नाशिकच्या नोंदणीकृत दुकानदारांकडे साड्या ठेवतो. विकल्या तर पैसे, नाहीतर माल परत. आधी माल पाठवतानाच बिल करायचो. पण कर आधी भरावा लागे आणि परत आलेल्या प्रत्येक साडीसाठी क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) करावी लागे. दुकानदारही कंटाळले. म्हणून आता तीन प्रतींत डिलिव्हरी चलन (बिलाऐवजी मालासोबत जाणारा कागद) करतो, विक्री कळली की बिल. ६ महिन्यांच्या आत बिल झालंच पाहिजे, हा नियम माहीत आहे. सगळा माल राज्यातच जातो आणि एका खेपेची किंमत १ लाखाच्या आत असते, म्हणून ई-वे बिल (माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायचा कागद) लागत नाही.

कर सल्लागारांना विचारलं, पण दोघांची उत्तरं वेगळी आली. प्रत्यक्ष असा व्यवहार करणाऱ्यांचं मत मला जास्त मोलाचं वाटतं.

एका चलनातल्या साड्या महिनाभरात वेगवेगळ्या दिवशी विकल्या, तर महिनाअखेरीस एकच बिल चालतं का, की दुकानदाराने कळवलं त्या तारखेलाच प्रत्येक वेळी वेगळं करावं लागतं? आणि न विकलेली साडी ६ महिन्यांआधी परत आणून नव्या चलनावर त्याच दुकानात पाठवली, तर मुदत नव्याने मोजतात का?